सात किलोंचं आमंत्रण

भरडखोल,
१० डिसेंबर

चि. मृणाल हिला ठमीआजीचा आशीर्वाद.

मला ओळखलंस ना? आधी विचारून घेतलेलं बरं. मी तुझ्या बापाची आई. बंदरावर चाळीस वर्षं मासळी विकली ती. तुझे कान टोचताना तुला मांडीवर धरलं आणि तू जिच्या करंगळीला चावलीस ती. आठवलं असेल तर पुढे वाच.

बाळाच्या बारशाची तारीख तू तुझ्या आईला कळवलीस, पालीच्या आत्याला कळवलीस, शेजारच्या बायजाला तर फोटो टाकलास. पाळणा, फुगे, खाली इंग्रजीत काहीबाही. बायजाने तो माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाली, "ठमीकाकू, तुम्हाला नाही आला?" मी म्हटलं, "मला कशाला येतोय? मी घरची हाय." तुझी लाज राखली. पुन्हा राखणार नाही.

हे पत्र तुझी आई लिहितेय. मला अक्षर येत नाही पण बोलता येतं, तिला अक्षर येतं पण बोलता येत नाही, म्हणून देवाने आम्हाला सासू-सून केलं. (मला बोलता येतं. यांच्यासमोर जागा मिळत नाही. — केसर) बघ, कंसात घुसली. फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू "हो आजी, हो आजी" करतेस, तिकडे बाळ रडतं, आणि माझं बोलणं ओहोटीबरोबर जातं. कागद फ्रिजला चिकटवता येतो. चिकटव.

तर मुद्दा. पंचवीस जानेवारीला मी येणार, आणि माझ्याबरोबर आपला वरवंटा येणार. पाटा इथेच राहील, त्याला बारशाचं काम नाही. आपल्या घरात पाळण्यात आधी वरवंटा निजतो. त्याला टोपडं घालायचं, दुपट्यात गुंडाळायचं, बायकांनी पाळण्याच्या खालून-वरून फिरवायचा, आणि मग त्याच्या जागी बाळ ठेवायचं. तुझा बाप असाच ठेवला, आत्या अशीच, तूही अशीच. तुझ्या वेळी वरवंटा गप्प होता आणि तू बोंबलत होतीस, तेव्हा बायका म्हणाल्या, दगडच ठेवून घ्या. तिकडे मिक्सर आहे म्हणून मिक्सरचं भांडं पाळण्यात घालू नकोस.

बाकी फार काही आणत नाही. डिंकाचे लाडू, घाण्याचं खोबरेल, सुकं खोबरं, बाळंतशोपा, सहा दुपटी. विमानात मी कधी बसले नाही, पण होडीत जन्म गेला. हलणाऱ्या गोष्टीला मी भीत नाही.

बाळाचं वजन कळव. तुझी आई बाळंतपण उरकून परतली तेव्हा अडीच किलो होतं म्हणाली.

तुझी
ठमीआजी


बेंगळुरू,
१८ डिसेंबर

प्रिय आजी,

नमस्कार. पत्र फ्रिजला लावलंय. तुझा नातजावई प्रणय फ्रिजमधून दूध काढताना रोज वाचतो आणि हसतो. फोटो तुला कुठे पाठवणार होते गं, तुझा फोन बटणांचा!

आई-बाबा शनिवारी बसने येतील. तुझ्या कमरेला ती बस झेपायची नाही, म्हणून तुझं विमानाचं तिकीट काढलंय. शुक्रवारी तेवीसला सकाळी यायचं, सोमवारी सव्वीसला परत. विमानतळावर चाकांची खुर्ची मिळेल, ढकलायला माणूसही मिळेल. फक्त हे स्वस्तातलं विमान आहे, आणि त्यांचे सामानाचे नियम कडक असतात. नीट ऐक. बरोबर एकच बॅग, सात किलोंपर्यंत. पंचावन्न सेंटिमीटर लांब, पस्तीस रुंद, पंचवीस जाड, तीही चाकं आणि मूठ धरून. शिवाय एक छोटी पर्स. विमानाच्या पोटात टाकायची मोठी बॅग या तिकिटात नसते, ती वेगळी घ्यावी लागते. सातच्या वर गेलं की तिथल्या तिथे जबर दंड, आणि घासाघीस चालत नाही (तुला सांगून ठेवते). खोबरेलाची मोठी बाटली हातातून नेऊ देत नाहीत. सुकं खोबरं तर नाहीच, ते पेट घेतं म्हणून बंदी आहे.

आणि वरवंटा नको आजी. कुणाच्या डोक्यात घालता येईल अशी वस्तू ते आत सोडत नाहीत. आमच्या सोसायटीच्या बागेत छान गोल, गुळगुळीत दगड आहेत. प्रणय एक धुऊन आणेल.

बाळ छान आहे. हसतो. नियमांचा कागद जोडलाय, आई वाचून दाखवेल.

तुझी
मृणू


भरडखोल,
२६ डिसेंबर

चि. मृणाल,

तुझ्या आईने नियमांचा कागद दोनदा वाचला. पहिल्यांदा मी हसले. दुसऱ्यांदा ऐकलं.

पिशवी भरून बंदरावर नेली, कारण काटा खरा तो तिथलाच. सुरमईची टोपली उतरली तशी माझी पिशवी चढली. लिलाव पुकारणारा दयाराम आता समोर काय आहे ते बघतच नाही. ओरडला, "नऊ किलो चारशे! बोला, कितीला?" एक व्यापारी भाव बोलूनसुद्धा गेला. मी म्हटलं, "थांब रे बाबा, त्यात माझी लुगडी हायत." तर नऊ चारशे, त्यात वरवंटा एकटा तीन किलो चारशे. उरलेले सहा माझे.

आता मला एक सांग. मी अख्खी, लुगड्यासकट, बेचाळीस किलो. तुझा नवरा नव्वद. (जावईबापूंनी मनावर घेऊ नये. — केसर) तिकीट दोघांना सारखंच. मग माझे अठ्ठेचाळीस किलो गेले कुठे? होडीवर असं चालत न्हाय. होडीवर वाटे पडतात, होडीचा, जाळ्याचा, खलाशांचे, आणि ज्याचा त्याला मिळतो. तुझ्या विमानवाल्याने माझा वाटा तुझ्या नवऱ्याच्या पोटात घातला, आणि मला म्हणतो, म्हातारे, दगड खाली ठेव.

केसर म्हणते, वरवंटा आम्ही बसने आणतो. नको. तो घरातल्या थोरल्या बाईच्या हातूनच जातो, आणि केसरची पाळी यायला अजून अवकाश आहे. (मला घाई नाही. — केसर) शिवाय कागदावर खाली बारीक अक्षरात लिहिलंय की दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसून जाऊ शकतं. त्याच्या वजनाबद्दल एक अक्षर नाही, मी केसरला तीनदा शोधायला लावलं. म्हणजे मांडीवरचं तोलत नाहीत. बारशाला वरवंटा म्हणजे बाळच की. वय छप्पन्न आहे, पण दिसायला लहान आहे. (लहान मुलाचं नाव आधी तिकिटावर लावावं लागतं हे मी सांगितलं. ऐकत नाहीत. — केसर)

हसून झालं. आता ऐकलं ते सांगते.

सात किलो म्हणजे किती? दोन लुगडी, एक चादर, औषधांचा डबा. शुक्रवारी ये, शनिवारी बसून राहा, रविवारी पाळणा हलव, सोमवारी चालू पड. मला अक्षर वाचता येत न्हाय, वजन येतं. ज्याला ठेवून घ्यायचंय त्याला कुणी सात किलोंत बोलावत नाही. मोठी बॅग वेगळी मिळते हे तूच लिहिलंस, आणि ती घेतली नाहीस हेही तुझ्याच अक्षरात आहे. नियम विमानवाल्याचा असेल, निवड तुझी आहे.

दुसरं. पिशवीची लांबी कळवलीस, रुंदी कळवलीस, जाडी कळवलीस, चाकं धरून. बाळाचं वजन विचारलं होतं. तिथे लिहिलंस, "छान आहे." छान हे वजन कुठल्या काट्यावर दिसतं?

सोमवारी परतायचं असेल तर मी येत नाही. बागेतला दगड धुऊन घ्या. पण त्याआधी बाळाचं वजन कळव. (ही शेवटची वाक्यं आईंनी मला तीनदा खोडायला लावली, आणि चौथ्यांदा तीच लिहायला सांगितली. — केसर)

ठमीआजी


बेंगळुरू,
३ जानेवारी

आजी,

हे पत्र फ्रिजला लावलं नाही.

दोन किलो नऊशे. आज सकाळचं. तो आता दोन महिन्यांचा होईल. जन्मला तेव्हा दोन किलो शंभर होता, अकरा दिवस काचेच्या पेटीत होता, ते तुला माहीत आहेच. पुढचं माहीत नाही. डॉक्टर म्हणतात, चढतंय, पण फार हळू. दर आठवड्याला बोलावतात. आईला फोनवर मी रोज "मजेत" म्हणते, कारण खरं सांगितलं तर ती त्याच रात्रीच्या बसमध्ये बसेल. आता हे पत्र तीच तुला वाचून दाखवेल, तर तिलाही कळू दे.

प्रवासाच्या बॅगा तोलायचा एक हातकाटा असतो, हूक असलेला. मी बाळाला दुपट्याच्या झोळीत घालून त्याला अडकवते. दूध पाजायच्या आधी, पाजून झाल्यावर, मग आकडा हलला नाही की पुन्हा. प्रणयने काटा कपाटावर लपवला. मी स्टूल घेऊन काढला.

तुला चारच दिवस बोलावलं त्याला कारण तू आहेस. पालीला आत्याकडे गेलीस आणि तिसऱ्या दिवशी एसटीने परत आलीस, दर्याचा आवाज नसला की कानात कापूस कोंबल्यासारखं होतं म्हणून. मला वाटलं, जास्त दिवस म्हटलं तर तू येणारच नाहीस.

हे खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. मला तुझ्या हाताची भीती वाटत होती. तू पापलेट नुसतं उचललंस की वजन सांगतेस, आणि काटा मागून तेच म्हणतो. बाळाला उचललंस की तुला कळणार. बारशाच्या गर्दीत ते तुझ्याकडे क्षणभर येईल, आणि तू काही बोलायच्या आत सोमवार उजाडेल, असा माझा बेत होता. तू काय बोलतेस ते ऐकायची हिंमत नव्हती.

परतीचं तिकीट रद्द केलंय. पंधरा किलोंची मोठी बॅग घेतलीय. वरवंटा त्या बॅगेत घालायचा, आजी. मांडीवर नाही. बॅगेत.

मृणू


भरडखोल,
१० जानेवारी

मृणू,

तुझी आई लिहिता लिहिता थांबतेय, म्हणून अक्षर वाकडं आलं तर मला बोल लावू नकोस.

वरवंटा कुठून आला ते तुला कुणी सांगितलं नाही, कारण मी कुणाला सांगितलं नाही. तुझ्या बापाच्या आधी मला एक मुलगी झाली. तेव्हा घरात काटा नव्हता. माझा हात होता, आणि तो तेव्हाही खरा होता. तीन सरंग्यांएवढी, दीड किलोच्या आतच भरली. दहाव्या दिवशी गेली. बारसं बाराव्या दिवशी असतं, म्हणून नाव ठेवायचं राहिलं. घरात "ती" म्हणायचे, मग तेही थांबलं.

पुढे तुझा बाप पोटात होता तेव्हा मी तळा गावच्या पाथरवटाकडे गेले. म्हटलं, सगळ्यात जड वरवंटा दे. तो म्हणाला, "बाई, चटणी वाटायची हाय का नवऱ्याला मारायचंय?" मी म्हटलं, "पाळण्यात ठेवायचाय. पाळण्याला जडाची सवय लागू दे."

(हे मला लग्नाला एकतीस वर्षं झाल्यावर आज कळलं. — केसर)

आता दोघी मुसमुसू नका. दोन किलो नऊशे म्हणजे तिच्या दुप्पट. तो हुकाचा काटा नवऱ्याला परत लपवायला सांग, आणि या खेपेला स्टूलही लपवायला सांग. मासा तोलायचा तो विकायचा असतो म्हणून. तुला पोर विकायचंय का?

मी येतेय. पंधरा किलो कमी पडतील, पण ते मी त्यांच्याशी बोलून घेईन.

ठमीआजी


बेंगळुरू,
८ फेब्रुवारी

चि. सौ. केसर हिला आशीर्वाद.

आता लिहायला तुझी लेक बसलीय. कंसात घुसायची खोड तिने तुझ्याकडूनच घेतलीय. (मुळीच नाही. — मृणाल)

बारशाला तू आलीस, पण विमानतळावर काय झालं ते तुला सांगता आलं नाही, मृणूची सासू कान टवकारून बसली होती. तू मला दाराशी सोडलंस तेव्हा वरवंटा मोठ्या बॅगेत होता. तू स्वतः घातलास, खरं आहे. आत गेल्यावर मी काढला. (आजी!! — मृणाल) अगं, ती बॅग पट्ट्यावरून काळ्या झडपांच्या आत जाते, पुढे तिचं काय होतं कुणी पाहिलंय? मी टोपडं घातलं, दुपट्यात गुंडाळला, मांडीवर घेतला आणि मग बॅग दिली. चाकांच्या खुर्चीत म्हातारी, मांडीवर तान्हं मूल. लोक रांग सोडून वाट द्यायला लागले. खुर्ची ढकलणारी पोरगी म्हणाली, "किती शांत आहे हो बाळ." मी म्हटलं, "घराण्याचं वळण."

मग तपासणी. तिथल्या वर्दीतल्या बाईने बाळ घ्यायला एक हात पुढे केला, आणि दुसरा हात आपोआप धावत आला. तिने तोंडावरचं दुपटं बाजूला केलं. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "झोपलाय." तिने साहेबाला बोलावलं. साहेबाला मराठी येत नव्हतं, मला हिंदी येत न्हाय, म्हणून त्या बाईनेच त्याला बारसं समजावलं आणि समजावता समजावता तिला हसू आवरेना. साहेब हसला नाही. दगड आत जाणार नाही, इथे टाकून जा, म्हणाला. मी म्हटलं, "मग मीपण हितंच बसते."

बसले. हे आता मजेत सांगतेय, तेव्हा मजा नव्हती. माझ्या विमानाचं नाव दोनदा पुकारलं. मांडीवर दगड, आणि तिकडे मृणू स्टुलावर चढलेली. छप्पन्न वर्षांत तो मी कुणाला दिला नव्हता. शेवटी दुपट्याची गाठ सोडली, टोपडं काढलं, आणि म्हटलं, ठेवा तुमच्याकडे, मला माझ्या पोरीकडे जाऊ दे.

तेव्हा ती खुर्ची ढकलणारी बोलली. तिने माझी बॅग तोलताना बघितलं होतं. म्हणाली, "आजी, बॅग अकरा किलो चारशे भरली. तुमचे तीन किलो सहाशे शिल्लक आहेत." ऐकलंस? ज्या नियमाला मी महिनाभर शिव्या दिल्या, त्यात माझी जागा शिल्लक होती, आणि दगडाला ती पुरून वर दोनशे ग्रॅम उरत होते. टोपडं पुन्हा चढवलं. पोरगी दगड उराशी धरून मागे पळाली. एकापेक्षा जास्त नग घेत नाहीत म्हणे, पण काउंटरवाल्या पोरीने घेतला. मी विमानात शेवटची चढले, आणि सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू भरती माझ्यासाठी थांबली होती.

इथे उतरल्यावर पट्ट्याशी उभी राहिले. बॅगा आल्या, खोकी आली, आणि मग प्लास्टिकच्या तबकात आपला वरवंटा, टोपडं घातलेला, गळ्यात चिठ्ठी. एक बाई किंचाळली. कोट घातलेला एक परका माणूस धावला, मानेखाली अलगद हात घालून त्याने बाळ उचललं, आणि मग त्याला कळलं. मी म्हटलं, "जपून हां, बारसं व्हायचंय."

पाळण्याखालून फिरवताना मी दगडाच्या कानात काय पुटपुटले असं तू विचारलंस. माझ्या त्या पहिल्या मुलीचं नाव ठेवलं. काय ठेवलं ते मृणूलाही लिहायला सांगत नाही.

आता पियूषचं. आले त्या दिवशी त्याला उचललं तेव्हा मृणू माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मी म्हटलं, तीन किलो दोनशे. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा काटा म्हणाला, तीन एकशे ऐंशी. वीस ग्रॅम मी जास्त धरले. मासळीवालीची सवय जात नाही. कालच्या तपासणीत तीन किलो सहाशे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय बदललं? मी म्हटलं, काही नाही, ही बाई सकाळी ओट्स नावाचा भुसा खायची, तो कबुतरांना घातला. (डॉक्टर म्हणाल्या, पुढच्या तपासणीला दोन आठवड्यांनी या. दर आठवड्याला नको. — मृणाल)

दर्याचा आवाज इथे येत नाही, पण पियूष भूक लागली की तेवढंच गर्जतो. त्याचं उष्टावण झाल्याशिवाय मी हलत नाही. तोवर माझ्या चुलीपुढे तू बैस.

आता काय पाठवायचं ते ऐक. सुकी मुशी धाड, बाळंतिणीच्या दुधाला त्या मासळीसारखं दुसरं काही नाही. दोन उन्हं जास्त दे, वास मरू दे, कारण वरच्या मजल्यावर सोसायटीचा सेक्रेटरी राहतो. तीन पिशव्यांत गुंडाळ आणि वर "मेथी" असं लिही. उष्टावणाच्या पेजेला बायजाच्या शेतातले यंदाचे तांदूळ, पॉलिश न केलेले. सगळं बसवाल्याकडे दे. आणि माझ्यासाठी थोडा जवळा, पण दोनदा चाळून घे. मागच्या खेपेला दाताखाली वाळू आली होती.

ठमी